माझ्या वाट्याचा हात

फोन आला तेव्हा मी यांच्यावर चिडूनच बसले होते. गणेशपुरीला जायचं ठरलं होतं, मी साडी नेसून तयार, आणि हे नेहमीप्रमाणे धामणकर नाक्याजवळच्या हॉस्पिटलात. फोनवर सिस्टर रडत होती. शेवटच्या बाईला नीट शुद्धीवर आणून हे स्टुलावर टेकले, ते उठलेच नाहीत. मला आधी रडू नाही आलं. आधी मनात आलं, म्हणजे शेवटचा वेळही तिलाच दिला...

लोक म्हणतील, काय ही बाई! म्हणोत. भूलतज्ज्ञाची बायको होऊन बघा. सर्जन टाके घालून घरी जेवायला जायचा, तेव्हा यांचं खरं काम सुरू व्हायचं. ऑपरेशनसाठी पेशंटचे स्नायू औषधाने ढिले करतात. त्याचा अंमल थोडा जरी उरला, तर माणूस जागा होऊनही त्याला धड श्वास घेता येत नाही, आणि तसं सांगताही येत नाही. म्हणून हे मनगटावर छोटं यंत्र लावून चार बारीक झटके द्यायचे आणि अंगठ्याकडे बघत बसायचे. "अंगठ्याची चौथी उडी पहिलीइतकीच जोरात हवी. ती दमलेली दिसली तर मी हलणार नाही," हे मला ऐकवायचे, तेही पुन्हा पुन्हा गरम केलेली आमटी ओरपत. यंत्राने होकार दिला तरी यांचं समाधान नाही. पेशंटने डोळे उघडले की त्याचा हात हातात घ्यायचा. "दाबा. अजून जोरात."

अख्ख्या भिवंडीचे हात यांनी धरले. माझा? लग्नात धरला, भटजींनी सांगितलं म्हणून. रस्ता ओलांडतानासुद्धा हे चार पावलं पुढे. बाजारात एखादी बाई "डॉक्टर, ओळखलं का? माझा हात धरून बसला होतात," म्हणाली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी फणकारले, "मलाही भूल द्या, म्हणजे तरी..." हे हसले. "तुझी पकड मला ठाऊक आहे गं. ती कशाला तपासायची?" तेव्हा ते मला लागलं. आजही लागतं.

गेल्या आठवड्यात ती आली. शबाना. यांची शेवटची पेशंट. लूमवाल्यांच्या घरातली, पोटाचे टाके सांभाळत जिना चढलेली.

"भाभी, मेरे को मालूमच नव्हतं. घरवाल्यांनी कितीतरी दिवस सांगितलं नाय," ती दारातच रडायला लागली.

मी तिला बसवलं, पाणी दिलं. मग राहवेना. "शेवटचं काय बोलले?"

"बोले, दबाओ. मी दाबला. बोले, और जोर से. मग हसले. बोले, शाबास, अब छोडो."

"कुठला हात?"

तिने बिचकत उजवा हात पुढे केला. मेहंदी पार उडालेली, बोटं बारीक, गरम. मी तो दोन्ही हातांत घेतला.

"दाब," मी म्हणाले. "यांचा दाबलास तस्सा."

तिने दाबला.

"अजून जोरात."

ती दाबत राहिली. मग माझ्याकडे बघून तिने हळूच हात सोडवून घ्यायला पाहिलं... मी सोडला नाही.