लियाओ काकांच्या पोटातला ठोका

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना वाटत असतं की शरीर म्हणजे पुस्तकातलं चित्र. धमन्या लाल, शिरा निळ्या, आणि प्रत्येकीच्या बाजूला नावाची पाटी. मग मी त्यांना लियाओ काकांसमोर उभं करायची आणि म्हणायची, "घ्या. यांच्यावर पाट्या नाहीत. शोधा आता."

काका कंबरेच्या वर उघडे, टेबलावर आडवे. मुलं हातात ब्रश घेऊन त्यांच्या कातडीवर आतले अवयव रंगवायची. फुप्फुसं गुलाबी, यकृत तपकिरी, आतडी पिवळी. नर्सिंगच्या मुलांना हात लावायची भीती घालवायला याच्यासारखा उपाय नाही. काकांना गुदगुल्या फार. आणि तोंड तर क्षणभर बंद नाही.

"अगं ए, हे यकृत आहे का रताळं? एवढ्या मोठ्या यकृताचा माणूस चालेल कसा, बाई?"

"आजोबा, हलू नका ना!"

"मी हलत नाही. तू ब्रश फिरवतेस की मुंग्या सोडतेस?"

काका कागदी घरं करायचे. मेलेल्या माणसासाठी जाळायची असतात ती. बांबूच्या कामट्यांची चौकट, वर खळीने चिकटवलेला रंगीत कागद, आत खुर्च्या, पंखा, मागाल ती वस्तू. बोटांना सदानकदा खळ. मला चिडवायचे, "वेई बाई, मी आधी हाडं करतो आणि मग कातडं चढवतो. तुम्ही कातड्यापासून सुरुवात करून हाडांपर्यंत जाता. तुमचा धंदा उलटा."

ते आमच्याकडे आले ते त्यांच्या बायकोमुळे. युएली काकूंनी मरणानंतर देह आमच्या कॉलेजला दिला होता. आमच्याकडे त्या टेबलावरच्या देहाला कुणी प्रेत म्हणत नाही, गुरुजी म्हणतात. मुलं आधी त्यांच्या घरी जातात, माणूस कसा होता ते विचारून घेतात. शिकून झालं की टाके घालून, नवे कपडे घालून, स्वतः पेटीला खांदा देतात. काकूंना आणायला गाडीत मीच होते. काका त्यांच्या उशाशी बसले होते. मिठागरांच्या वाटेवर ओढेनाले बरेच. प्रत्येक पुलावर काका खाली वाकायचे आणि कानात सांगावं तसं म्हणायचे, "युएली, पूल आला गं. ओलांडतोय हं. मागे राहू नकोस." मेलेल्याला पूल सांगावा लागतो, नाहीतर जीव अलीकडच्या काठावर राहतो. ही आमच्याकडची रीत. मी शरीररचना शिकवणारी बाई, पण त्या दिवशी मीही हळूच म्हणत होते.

काकूंची रक्षा मग कॉलेजच्या दालनात ठेवली. भिंतीत काचेचे कोनाडे आहेत, नवराबायको दोघांनी देह दिला तर जोडकोनाडा मिळतो. काकूंच्या शेजारच्या रिकाम्या कोनाड्यावर काकांचं नाव आधीच कोरलेलं, आणि माणूस जिवंत म्हणून त्या नावावर लाल कागद. तो कागद काकांनी स्वतःच्या खळीने, स्वतःच्या हाताने चिकटवला. "पक्का बसलाय," म्हणाले. "ती आत शिकवतेय आणि मी घरी माशा मारतोय, हे काही बरोबर नाही. मलाही काहीतरी काम द्या बाई." तेव्हापासून दर सत्राला ते टेबलावर.

त्यांना सगळ्यात आवडायची ती नाडी शोधायची तासिका. मनगट, मान, गुडघ्यामागची खाच, हे झालं की मी पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवायला सांगायची. तिथली नाडी भल्याभल्यांना सापडत नाही. काकांची मात्र लगेच लागायची आणि ते ऐटीत मान वर करून बघायचे. "लागली ना? हृदय कुठे, पाऊल कुठे! तरी पोचतंय बघा."

त्या उन्हाळ्यात सत्र संपत आलं होतं. एक मुलगी काकांच्या पोटावर महाधमनी रंगवत होती. बेंबीच्या वर, मधोमध, जाड लाल पट्टा. ती थांबली.

"बाई, रंग हलतोय."

"बारीक माणसाच्या पोटावर हलतो. आपली सगळ्यांची मोठी धमनी तिथूनच जाते," मी म्हटलं आणि दाखवायला म्हणून पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना माझी बोटं ठेवली.

ठोक्यासरशी बोटं वर उचलली जायला हवी होती. तशी गेली नाहीत. ती एकमेकींपासून लांब ढकलली गेली. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, प्रत्येक ठोक्याला. खाली काहीतरी फुगत होतं, मिटत होतं, परत फुगत होतं. मी बोटं तिथेच ठेवून आणखी काही ठोके मोजले.

"काय झालं बाई?" काका छताकडे बघत होते. "गप्प का बसलात? सापडलं नाही होय?"

"सापडलं," मी म्हटलं. "काका, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं."

तपासणीत जे निघायचं ते निघालं. पोटातली महाधमनी एका जागी फुग्यासारखी ताणली गेली होती, भिंत पातळ झाली होती. डॉक्टर म्हणाले की फुटली तर दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळणार नाही, लवकर शस्त्रक्रिया करा. काकांची मुलगी पेइरू रडायलाच लागली. ती कागदी घरांचं दुकान सांभाळते, एरवी गिऱ्हाइकांवर डाफरणारी बाई. काका मात्र शर्टाची बटणं लावत शांतपणे म्हणाले, "नाही करायची."

"नाही म्हणजे?"

"देह अखंड हवा, असं तुमच्याच कागदावर छापलंय. चिरलेला देह तुम्ही घेत नाही. तुम्ही घेतला नाहीत तर मला तो कोनाडा मिळणार नाही. मग मी युएलीच्या शेजारी जाऊ कसा?"

मला असा संताप आला! म्हटलं, "काका, डोकं फिरलंय का तुमचं? मरून शिकवण्यासाठी जिवंतपणी मरताय?"

"मरायचं तर आहेच. कुठे पोचायचं, ते बघतोय."

पेइरू तावातावाने म्हणाली, "आणि मी? मी कुणाच्या शेजारी राहू? आईच्या वेळी मला विचारलं नाहीत, आताही विचारत नाही!" काकांनी शर्टाचं शेवटचं बटण लावलं.

मी तडक आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. डॉक्टर शू म्हणजे नियमांचा माणूस, चहासुद्धा घड्याळ बघून पितात. पण म्हणाले ते आमच्या फायद्याचं होतं. जखम ओली असेल तर देह घेता येत नाही. भरून आलेली असेल तर अडचण नाही. वर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की पोट उघडायचंही नाही, जांघेतून नळी सरकवून आतून अस्तर घालायचं. मी धावत दुकानात गेले. काका जमिनीवर बसून कामट्या तासत होते.

"काका, घेतात! व्रण असला तरी घेतात. मी लेखी आणलंय."

त्यांनी चाकू खाली ठेवला. चेहरा असा उजळला की बघत राहावं. "आतून अस्तर? म्हणजे माझ्यासारखंच काम की. चौकट तीच, आत नवा कागद." मग पेइरूला हाक मारली, "ए, बाईंना थंड चहा दे. धावत आल्यात आज." पेइरू आतूनच रडत हसली. मला वाटलं, चला, सुटलो.

दवाखान्याने तारीख दिली. काकांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं आणि मान हलवली.

तारीख सातव्या महिन्यात येत होती. आमच्या सातव्या महिन्यात पाताळाची दारं उघडतात आणि बेवारशी भुतं महिनाभर माणसांत हिंडतात. त्या महिन्यात लग्न नाही, नवं घर नाही, नदीत पोहणं नाही, आणि अंगाला सुरी तर नाहीच नाही. दवाखान्यांचे वॉर्डसुद्धा ओस असतात, ही काही गावंढळांचीच गोष्ट नाही. आमच्या डॉक्टर शूंनी स्वतःचा दात त्या महिन्यात काढू दिला नव्हता.

"आठवा महिना लागू दे," काका म्हणाले. "त्याच दिवशी जातो."

"काका, फुगा पंचांग बघत नाही!"

"पण भुतं बघतात. आणि या महिन्यातच माझं खरं काम. देवळासाठी कागदाचा भुतांचा राजा करायचाय. तो नसेल तर हिंडणाऱ्यांवर वचक कुणाचा? सगळं गाव उघड्यावर टाकून मी खाटेवर झोपू?"

मी पेइरूकडे पाहिलं. ती माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं. तिने मान खाली घातली. "बाई, सातव्या महिन्यात नको," ती पुटपुटली. "गुंगी देतात ना. गुंगीत जीव बाहेर असतो म्हणे. त्याची जागा दुसऱ्या कुणी घेतली तर?"

मी डॉक्टरांकडून फोन करवला, स्वतः भांडले, दुकानात जाऊन बसले. काका मला शेंगदाणे खायला देत आणि काम करत राहत. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, एवढं मात्र कबूल केलं होतं. तेही पाळलं नाही.

भुतांच्या राजाची चौकट दिवसेंदिवस उंच होत गेली. फासळ्या, खांदे, मान. मी गेले की माझी नजर काकांच्या बनियनकडे जायची. बेंबीच्या वर कापड हलायचं. राजाला कागद चढला, निळा चेहरा आला, बाहेर लोंबणारी लाल जीभ आली, डोळे बसले. काकांच्या बनियनखालचा ठोका मला आता दुकानाच्या दारातूनसुद्धा दिसायला लागला होता. रस्त्यावर दारोदार उदबत्त्या, भुतांसाठी मांडलेली ताटं, जळक्या कागदाचा वास. जीव घाबराघुबरा व्हायचा आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

देवळात भुतांना जेवण घालतात त्या दिवशी दुपारी पेइरूचा फोन आला. "बाई, विशेष काही नाही. बाबांची पाठ दुखतेय. राजाला टेम्पोत चढवताना जरा हात लावला त्यांनी. मी तेल चोळतेय."

"घाम आलाय?"

"हो, गार घाम. चेहरा जरा पांढरा दिसतोय."

"चोळू नकोस!" मी ओरडले. "रुग्णवाहिका बोलाव! आत्ता!"

मी स्कूटरवरून पोचले तेव्हा रुग्णवाहिका मिरवणुकीच्या गर्दीत अडकली होती. पुढे टेम्पोत भुतांचा राजा डोळे वटारून उभा. काका दुकानाच्या फरशीवर, डोकं पेइरूच्या मांडीवर. पोट फुगून टणक झालं होतं. मी सवयीने पावलावर बोट ठेवलं. काही लागलं नाही. काका माझ्याकडेच बघत होते.

"पोचतंय का?" त्यांनी विचारलं.

"पोचतंय," मी म्हटलं.

गाडीत घातलं तेव्हा संपलेलं होतं.

पेइरूने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाई, आता त्यांच्या मनासारखं तरी होऊ दे." देह कॉलेजला आणला. कुठेही चीर नाही, अगदी कागदावर छापलंय तसा अखंड. देह जतन करणाऱ्या तंत्रज्ञाने मांडीच्या धमनीतून औषध सोडलं. औषध रक्ताच्याच वाटेने जातं, वाट धड असेल तर अंगभर पोचतं. तो बराच वेळ खटपट करत होता. मग हातमोजे काढून बाहेर आला.

"वेई बाई, सगळं पोटात सांडतंय. मोठी धमनी फाटलीय. दुसऱ्या पायातूनही बघितलं, मानेतूनही. पावलांत थेंब पोचत नाही. हा देह टिकायचा नाही."

मी डॉक्टर शूंच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला. "तो माणूस किती वर्षं जिवंतपणी टेबलावर झोपला! पोरं त्याच्यावर हात ठेवून नाडी बघायला शिकली! तो गुरुजी नाही?" शूंचे डोळे भरून आले होते, खोटं सांगत नाही. पण म्हणाले, "ज्यांनी मागे असे देह देऊ केले आणि आम्ही परत पाठवले, त्यांच्या घरच्यांना काय सांगू?"

पेइरूने बाबांवर गावच्या स्मशानात अंत्यसंस्कार केले आणि रक्षा तिथेच ठेवली. काकांनी स्वतःसाठी आणि काकूंसाठी म्हणून एक कागदी घर माळ्यावर करून ठेवलेलं होतं, आत दोन खुर्च्या. ते तिने जाळलं नाही. म्हणाली, "अजून नाही. आई कुठे आलीय?"

सातवा महिना संपला. पाताळाची दारं मिटली, आणि दुसऱ्याच दिवशी पेइरू काळी छत्री घेऊन कॉलेजात आली. दालनात गेली. लाल कागद नखाने खरवडून काढायला लागली. खळ पक्की, निघता निघेना. मी पाण्याने ओला करून दिला तेव्हा कुठे सुटला. खाली काकांचं नाव स्वच्छ होतं.

"शू सर," ती म्हणाली, "बाबांना आत येता येत नाही ना? मग माझी आई मला परत द्या."

"असं आजवर कुणी मागितलं नाही," शू म्हणाले.

"मी मागतेय."

शूंनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि स्वतः कोनाडा उघडला.

पेइरू स्कूटर चालवत होती. मी मागे बसले होते, एका हातात युएली काकूंच्या रक्षेचा कलश छातीशी धरून, दुसऱ्या हाताने छत्री वर धरून, कारण मेलेल्याच्या रक्षेवर ऊन पडू द्यायचं नसतं. मिठागरांचा वारा छत्री उलटी करायला बघत होता. पहिला पूल दिसला तशी पेइरूने स्कूटर हळू केली. तिचे दोन्ही हात हँडलवर, कलशाशी वाकता येईना. पूल तर आलाच होता.

मग मीच खाली वाकले आणि म्हटलं, "काकू, पूल आला हं. ओलांडतोय. काका पलीकडे आहेत."