मडगार्ड बसवले अन् वावरात अडकलो

मंडळी, हे मी वावरात फसलेल्या बग्गीत बसूनच लिहून राहिली.

आमच्या ह्यायनं जुन्या रिक्षाच्या इंजिनवर ही छोटी उघडी बग्गी बनवली. चिखल थेट तोंडावर उडे. मी हट्ट धरला, म्हणून काल चाकांवर मडगार्ड अन् बाजूनं पत्र्याची दारं बसवली.

आज भातकुली गावच्या आमच्या वावरात शिरलो. काळी माती मडगार्डात गच्च भरली अन् चाकं जाम झाली. गाडी खचली, दारंही उघडेनात.

धुऱ्यावरून, म्हंजे वावराच्या बांधावरून, सासूबाई ओरडल्या, "पावसाळ्यात लोक सायकलचे मडगार्ड काढतेत, तुमी लावले काहून?"

माह्या साडीवर चिखलाचा एक थेंब नाही. पण घरी जायचं तं दारावरून त्याच चिखलात उडी मारा लागते.

हे म्हणतेत, "मडगार्ड तुह्यासाठीच लावले. आधी तूच उतर."

तुमी उतरले असते का?