दहाव्या पावलावरची हाक

भाव करायची आईची रीत ठरलेली. सांगितलेल्या किमतीच्या निम्मे म्हणायचं, नाक मुरडायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. वळून बघायचं नाही. कोपरीच्या बाजारात साधारण दहाव्या पावलाला मागून हाक यायची, "या ओ काकू, घ्या!" लहानपणी तिच्या मागून चालताना मी पावलं मोजायचे.

जर्मनीत राहायला गेले तेव्हा हे शहाणपण सोबत नेलं. तिथे दुकानात भाव करायची सोय नाही. पण महिन्यातून एका रविवारी नदीकाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे थोडीफार घासाघीस चालते असं ऐकलेलं. एका म्हाताऱ्याकडे पितळी खलबत्ता दिसला. चहाचं आलं मी तेव्हा लाटण्याने ठेचत होते, म्हणजे तो मला हवाच होता. निम्मी किंमत सांगितली. त्याने शांतपणे नकारार्थी मान हलवली. मी पाठ फिरवून चालू लागले. दहा पावलं झाली, वीस झाली, हाक काही येईना. पुढच्या टेबलावरचे दिवे उगाच उलटेपालटे करत उभी राहिले. शेवटी वळून पाहिलं, तर म्हातारा माझा खलबत्ता दुसऱ्याच बाईला कागदात गुंडाळून देत होता. राग आला मला, त्याचा आणि त्याहून जास्त माझा.

फोनवर सांगितलं तर आई पोट धरून हसली. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा! अगं, तो ओळखतो का तुला? उगाच कोण कशाला हाक मारेल?"

"ते जाऊ दे. तुझे गुडघे कसे आहेत?"

"ठणठणीत आहे मी. बाजार मीच करते. अजून हाक येते मला."

दर फोनला हेच उत्तर. ती इथे एकटी, मी एकुलती एक. ती खरं सांगते की मला बरं वाटावं म्हणून सांगते, हे तिकडे बसून कळायला मार्ग नव्हता, आणि मला ती एकच काळजी होती.

यंदा सुट्टीत आले आणि दुसऱ्याच दिवशी तिच्याबरोबर बाजारात गेले. भाजीवाली तीच, कित्येक वर्षांची. आईने भेंडीचा भाव निम्मा केला, नाक मुरडलं, पाठ फिरवली. सवयीने मी मोजू लागले. एक. दोन.

"या ओ काकू, न्या तुमच्या भावानं!"

आई वळली. वळताना तिने माझा खांदा धरला. चेहरा मात्र जिंकल्याचा होता. भेंडीवर फुकटची कोथिंबीर मागून घेऊन ती पुढे निघाली.

मी मागे थांबले. "आज लगेच हाक मारलीत?"

"आज नाय ताई, वरीस झालं. आधी पार त्या रसाच्या गाडीपर्यंत जायच्या. आता तेवढं माघारी येववत नाय त्यांना." एवढं बोलून ती पुढच्या गिऱ्हाइकाचे टोमॅटो तोलू लागली.

मला लाज वाटली. भाजीवालीला जागेवर बसून दिसलं, ते दर आठवड्याला फोन करूनही मला कळलं नव्हतं.

आई कोपऱ्यावर उभी होती. "बघितलंस? अजून हाक येते मला."

"येते की," मी म्हटलं आणि हात पुढे केला. पिशवी मात्र तिने मला धरू दिली नाही.