धुऱ्यावरची उजळणी

भाऊला जाऊन महिना झाला. शेवटच्या भेटीत तो गोंदियाच्या दवाखान्यात खाटेवर उशीला टेकून बसला होता. लकव्यानं जीभ जड झालेली. माझ्याकडे बघून "शे... शे..." म्हणायचा आणि अडायचा. माझं नाव आठवत होता बिचारा. सूनबाई चिडलीच, "आत्याबाई, सांगा ना त्यांना!" मी गप्प राहिले. ही सवय मला भाऊमुळेच लागलेली.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आमगावजवळच्या आमच्या खेड्यातून मॅट्रिकला बसणारा भाऊ पहिलाच. पाठांतर करायचा ते चालत. धान कापलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं; त्यांच्यामधल्या मातीच्या अरुंद धुऱ्यांवरून तो पुढे, पुस्तक घेऊन मी मागे. एका बांधीला इतिहासाचा एक धडा. तो अडला रे अडला की मी पुढचा शब्द पुरवायची. मला तेरावं लागलेलं, आणि भाऊपेक्षा आपल्यालाच जास्त येतं याचा तोरा केवढा!

गोंदियाला परीक्षा देऊन तो गाडीतून उतरला तो पांढराफटक. "मले सर्व येत होतं वो शेवंते. पहिल्याच प्रश्नाले अडलो... अन् मांगं तू नोयतीस." मी चक्क हसले. मग निकाल आला. नापास. बाबूजी एवढंच म्हणाले, "पुढच्या साली गेला तं पुस्तक बंद. नांगर धर."

त्या वर्षी परीक्षेचं नाव काढलं तरी भाऊचं ताट तसंच राहायचं. माझ्यामुळेच तो बुडाला, हे मला आता कळलं होतं. मी ठरवलं, यापुढे सांगायचं नाही. तो अडला की दोघांनीही थांबायचं. धानामागून पेरलेल्या लाखोळीच्या निळ्या फुलांमध्ये तो उभा राही, ओठ कोरडे, तळहात घामानं ओले. "काऊन सांगून नाई रायली? सांग नं वो!" एकदा तर ढेकूळ भिरकावलं माझ्यावर. शब्द माझ्या अगदी जिभेवर असायचा. मी ओठ आवळून रडायची, पण सांगायची नाही. शेवटच्या बांधीवर तो हमखास अडायचा. एके दिवशी तिथंच ओरडला, "आला! शेवंते, आपोआप आला!"

तो पास झाला. पुढे तीस वर्षं मास्तरकी केली. पोरगं अडलं की खिडकीबाहेर बघत थांबायचा म्हणे.

म्हणून दवाखान्यात मीही थांबले. येईल त्याला, थोडा वेळ द्यावा... त्यानं घाबरून माझा हात धरला. तळहात तसाच ओला. भेटीची वेळ संपली. "उद्या सांगशील," म्हणून मी उठले. सकाळी निरोप आला.

चुकलंच माझं. ती काही परीक्षा नव्हती.

परवा गावी गेले होते. लाखोळी फुलली आहे. शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "शेवंता, भाऊ... शेवंता."