हार्डवेअरवाल्या मामींचे कान

मामींचं हार्डवेअरचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. आत शिरलं की डावीकडे पाइप, उजवीकडे रंगाचे डबे, समोर खिळे-स्क्रूंचे लाकडी खण, आणि त्या खणांपलीकडे उंच स्टुलावर मामी. वय अठ्ठावन्न. सगळी गल्ली त्यांना मामीच म्हणायची. त्यामुळे त्यांचे यजमान आपोआप मामा झाले होते. मामा मागच्या खोलीत बसून पाइपांना आटे पाडायचे आणि दुकानातला फोन घ्यायचे. फोनचा मामींना भारी तिटकारा होता. "त्या डबड्यात बोलण्यात काय राम आहे? माणूस कसा समोर दिसला पाहिजे," असं त्या म्हणत.

साथ आली तेव्हा गल्लीतली दोन ओळखीची माणसं पहिल्याच लाटेत गेली. एक सुतार होता, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. परवा करवतीचं पातं घेऊन गेलेला माणूस असा जातो म्हणजे काय, हे मामींना पचेना. त्यांनी त्याच दिवशी दुकानाच्या दारात दोरी बांधली, आणि मास्क नसेल तर दोरीच्या आत पाऊल नाही, असा कायदा केला. मास्क हनुवटीवर ओढून कोणी आला की मामी विचारायच्या, "हनुवटीला थंडी वाजते का?" नाक बाहेर दिसलं की, "नाक काय भाड्यानं दिलंय? घ्या आत!" प्लंबर, रंगारी, इलेक्ट्रिशियन, एकेक आडदांड गडी, पण मामींपुढे मुकाट नाक झाकायचे.

कायदा उत्तम चालला. फक्त एकच भानगड झाली. मामींना कोणाचं काही कळेनासं झालं.

प्लंबरनं पाना मागितला, मामींनी त्याला तांब्याभर पाणी दिलं. बिचाऱ्यानं ते दोरीबाहेर जाऊन पिऊन टाकलं आणि परत पाना मागितला. मामी म्हणाल्या, "अजून? मूतखडा आहे का तुला?" रंगाऱ्यानं कात्री मागितली तर म्हणाल्या, "खात्री कसली मागतोस, माझ्या मालाची खात्री सगळ्या गावाला आहे." एका नवख्या गिऱ्हाइकानं पावशेर चुका मागितल्या. मामींनी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "कोणाच्या?"

मामींचं निदान पक्कं होतं. कापड आवाज गिळतं. तीन पदरी मास्क तर सगळाच आवाज गिळतो. "शब्द तोंडातून निघतात ते तिथेच अडकतात," त्या मामांना सांगत. मामा काहीतरी पुटपुटत, पण तेही मास्कमध्ये, त्यामुळे तेही अडकत असे.

मास्क काढायला सांगणं म्हणजे आपलाच कायदा आपण मोडणं. म्हणून मामींनी दोरीला पाटी आणि खडू लटकवला. हवं ते लिहा. ज्याला लिहायचा आळस त्यानं चित्र काढावं. सुताराच्या भावानं एकदा बिजागरी काढली, ती फुलपाखरासारखी दिसत होती. मामींनी पाटी उलटसुलट करून पाहिली आणि त्याला कीटकनाशक दिलं.

मग लस आली. मामींनी गल्लीतल्या प्रत्येकाच्या मागे लागून नावं नोंदवायला लावली आणि आपला नंबर आल्या दिवशी मामांना घेऊन केंद्रावर हजर झाल्या. शाळेचा हॉल, लांब लांब मांडलेल्या खुर्च्या, सगळे मास्कात, आणि पाटी कुठेच नाही. मामींना जरा घाम फुटला. मग त्यांनी मनाशी ठरवलं: हे सरकारी काम आहे, सरकारी कागदावर जे विचारतात त्याला आपण 'हो' म्हणावं. नाही म्हटलं की फाटे फुटतात.

टेबलामागच्या मुलीनं सकाळपासून दोनशे माणसांना तेच प्रश्न विचारले होते. मान वर न करता ती वाचत गेली.

"आधी कुठल्या लशीचा त्रास झाला होता का?"

"हो."

"रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत?"

"हो हो."

"सध्या ताप, खोकला?"

"हो."

"गरोदर आहात?"

"हो, अगदी," मामी ठणकावून म्हणाल्या.

मुलीचं पेन थांबलं. मागे उभ्या असलेल्या मामांनी इतका जोरात श्वास ओढला की त्यांचा मास्क नाकपुड्यांत जाऊन बसला.

"अगं, काय बोलतेस!"

मुलीची नजर मागे गेली, म्हणून मामींनीही वळून पाहिलं. मामांचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते बशीएवढे झाले होते. "काय झालं? विचारलं ते सांगितलं. लपवायचं काय त्यात?"

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मुलीनं हात वर करून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तिशीची बाई, बुटकी, चटपटीत. तिनं कागद पाहिला, वय पाहिलं, मामींकडे पाहिलं. मग ती मामींच्या खुर्चीमागे गेली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "काकू, तुमच्या खांद्यावर पाल आहे."

मामा टुणकन उडाले. रांगेतल्या दोघी किंचाळल्या. मामी शांतपणे पर्समधून आधार कार्ड काढत बसल्या.

डॉक्टर हॉलच्या बाहेर गेली. खिडकीच्या बंद काचेपलीकडे, मोकळ्या अंगणात उभी राहिली, तिथे आसपास कोणी नव्हतं. तिनं मास्क खाली केला, काचेवर टकटक केली, मुलीनं मामींना तिकडे बघायची खूण केली, आणि डॉक्टर म्हणाली, "काकू, मी काय बोलतेय ते ऐकू येतंय का?"

"येतंय की!" मामी आनंदानं म्हणाल्या. "इतका वेळ कोणाचं धड कळत नव्हतं. तुमचं बघा, काचेपलीकडून कसं स्वच्छ ऐकू येतं."

डॉक्टर मास्क चढवून आत आली. तिनं कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि मामींसमोर धरलं: 'काकू, मी आवाज काढलाच नव्हता. नुसते ओठ हलवले.'

मामींनी ते दोनदा वाचलं. मग मामांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "म्हणजे काय," त्या हळूच म्हणाल्या, "सगळे असंच नाही का ऐकत? तोंडाकडे बघून?"

कोणी हसलं नाही. मघाशी फिस्सकन हसलेली बाईही नाही. डॉक्टरनं पुन्हा लिहून सगळे प्रश्न विचारले. मामींनी प्रत्येकाला नीट 'नाही' म्हटलं, दंड पुढे केला आणि सुई गेलेली त्यांना कळलीसुद्धा नाही. त्या भलत्याच विचारात होत्या.

लस घेतल्यावर अर्धा तास बसवतात. मामा एक खुर्ची सोडून बसले होते. त्यांनी डॉक्टरकडून तो कागद मागून घेतला, पाठीमागच्या बाजूला बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि सरकवला. 'मी मागच्या खोलीतून हाका मारायचो. तू ओ द्यायची नाहीस. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आलाय. म्हणून मी बोलणंच कमी केलं.'

"कधीपासून?" मामींनी विचारलं.

मामांनी आठवून आकडा लिहिला. नऊ वर्षं.

"अहो, मग पुढे येऊन तोंडावर सांगायचं ना!" मामी एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की अख्ख्या हॉलनं वळून पाहिलं. "मला वाटत होतं तुम्हीच घुमे झालात. नऊ वर्षं आपण दोघं वेड्यासारखे एकमेकांवर रुसलेले, आणि भांडण काय ते कोणालाच माहीत नाही!" आणि मग त्यांना हसू आलं, ते आवरेना. डोळ्यांतून पाणी येऊन मास्क ओला झाला, तेव्हा मुलीनं धावत येऊन त्यांना नवा दिला. ही लशीची रिॲक्शन आहे की काय, अशी तिला शंका आली होती.

कानाचं यंत्र आलं. पहिल्या दिवशी मामींना कळलं की दुकानाचं शटर रोज सकाळी किती किंचाळतं. दुसऱ्या दिवशी कळलं की रंगारी त्यांना पाठीमागे 'हवालदार' म्हणतो. त्यांनी त्याला पुढे बोलावून सांगितलं, "ते राहू दे, पण जरा हळू म्हण."

आता अडचण वेगळीच होती. यंत्र कानामागे, मास्कची दोरीही कानामागे. एकदा घाईत मास्क काढताना यंत्र उडालं आणि एक इंची खिळ्यांच्या खणात पडलं. मामा हातानं चाचपडायला लागले, मामींनी त्यांना बाजूला केलं, मोठं लोहचुंबक आणलं आणि सगळे खिळे उचलून काढले. तळाशी यंत्र एकटंच राहिलं. त्याच संध्याकाळी त्यांनी प्लास्टिकच्या पाइपची पट्टी कापली, तिला दोन्ही टोकांना खाचा पाडल्या आणि मास्कच्या दोऱ्या कानांऐवजी डोक्यामागे त्या पट्टीत अडकवल्या. कान मोकळे. ते बघून चष्मेवाले आले, कान सोलवटलेली नर्स आली, केंद्रावरची ती मुलगी आली. मामांना आटे सोडून आठवडाभर पट्ट्याच कापाव्या लागल्या.

दोन्ही डोस होऊन तीनेक महिने झाले असतील. मामा मित्राकडे पत्ते खेळायला गेले आणि तीन तास मास्क खिशात ठेवून बसले. चौथ्या दिवशी अंग तापलं. तपासणीत कोविड निघाला. बुटक्या डॉक्टरनं ऑक्सिजन पाहिला, तो चांगला होता. दोन डोस झालेत, बहुतेक घरीच निभावेल, म्हणाली, पण वेगळी खोली, खिडकी उघडी, आणि दम लागला तर क्षणभर थांबायचं नाही.

मामा माडीवरच्या खोलीत गेले. मामी दाराबाहेर रंगाचा रिकामा डबा पालथा घालून, तोंडाला मास्क लावून बसल्या. दार बंद. ओठ नाहीत, चेहरा नाही, काहीच दिसत नव्हतं.

"अगं, आहेस का?" आतून आवाज आला.

"आहे."

आवाज दाराजवळ आला. "दारातून ऐकू आलं तुला?"

"आलं. खोकला पण आला ऐकू. दर तासाला किती वेळा खोकता ते मोजतेय मी."

त्या आठवड्यात दोघं नऊ वर्षांचं बोलले. अर्धं भांडणच होतं. चहात साखर कमी, उशी कडक, जेवण अळणी, असं मामांचं सुरू झालं की मामी सांगायच्या, "आता यंत्र काढून ठेवतेय, काय ते भिंतीला सांगा." चार दिवसांत ताप उतरला. मामींची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा काही निघालं नाही.

पत्त्यांतला मित्र मात्र एवढ्यावर सुटला नाही. सुईला घाबरून त्यानं लस टाळली होती, सबबी रोज नव्या. तो सोळा दिवस दवाखान्यात होता, त्यातले सहा ऑक्सिजनवर. घरी आला तेव्हा जिना चढताना तीनदा बसला. मामींनी त्याला एक शब्द सुनावला नाही. लस किती दिवसांनी घ्यायची एवढं डॉक्टरला विचारून घेतलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला गोल केला, आणि त्या तारखेला सकाळी नऊ वाजता त्याच्या दारात रिक्षा घेऊन उभ्या राहिल्या.

केंद्रावर त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. "मामी, आधी जरा बाहेर जाऊन चहा घेऊ या का?"

"घेऊ की," मामी त्याची बाही वर सारत म्हणाल्या, "आधी दंड दे."