सातवीच्या वहीतली भरती

शुक्रवारी सकाळी दहा वाजता सातवीचा अख्खा वर्ग आमच्या देवबागच्या खाडीवर भरती बघायला आला होता... आणि समोर नुसता चिखल! मी पालक म्हणून सोबत होते. राग अजून उतरलेला नाही, आधीच सांगते.

झालं असं की माझी लेक तन्वी सातवीत आहे. या सत्रात त्यांना भूगोलात भरती-ओहोटी आहे, आणि प्रकल्प होता पंधरा दिवस भरतीच्या वेळा लिहून आणायचा. म्हटलं वा, हा तर आमचा घरचाच विषय! माझे सासरे चाळीस वर्षं होडी घेऊन समुद्रात जात होते.

पोरीने काय मेहनत घेतली म्हणून सांगू... खाडीत काठी रोवली, तिच्यावर खुणा केल्या, रोज जाऊन पाणी बघितलं. आजोबांनी तिला आपला हिशोब शिकवला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. काठीशी ताडून बघितलं तर थोडंसंच मागेपुढे! पोरगी हरखून गेली होती.

वही परत आली ती पानभर लाल रेघ मारून. खाली शेरा, 'गाईडप्रमाणे लिही.' त्या गाईडमध्ये एक तयार तक्ता आहे, कुठल्या गावाचा, कुठल्या महिन्याचा, देव जाणे. सरांनी तोच स्मार्ट बोर्डवर लावला आणि सगळ्या वर्गाने उतरवून घेतला. अहो, शाळेच्या खिडकीतून समुद्र दिसतो!

आणि मी काय केलं? मीच तिला म्हटलं, लिही बाई सर सांगतात तसं, उगाच मार्क जातील... पंधरा दिवसांचं खोटं लिहायला तिला अर्धा तास पुरला.

सासऱ्यांनी तो तक्ता बघितला आणि चष्मा काढून ठेवला. "ह्या कोणी लिवल्यान गो? ह्या टायमार होडी घातली तर चिखलात रुतान बसतली." त्या दिवसापासून तन्वी काठीकडे फिरकलीसुद्धा नाही.

मग निघाली क्षेत्रभेट. तिची वेळसुद्धा सरांनी त्याच तक्त्यावरून काढलेली. त्या दिवशी पंचमी होती. मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, सर, दहाला पाणी नसेल, दुपारी पावणेचारला या. "मॅडम, वेळापत्रक ठरलंय," म्हणाले, आणि फोन ठेवला.

माणूस वाईट नाही. घाटावरून बदली होऊन आलेत, समुद्र त्यांना नवा. पण नवा आहे तर विचारावं ना! इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

तर दहा वाजले. पोरं वह्या-पेनं घेऊन काठावर ओळीत उभी, आणि समोर चिखलात बायका शिंपले वेचतायत. त्यातली एक तिथूनच ओरडली, "ओ गुरुजी, पाणी गावला काय?" पोरं खो खो हसली. सर घड्याळ बघतात, मोबाईलमधला तक्ता बघतात, परत चिखलाकडे बघतात... मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, बरी जिरली!

शेवटी सरांनी विचारलं, "कोण सांगेल, इथे आज भरती किती वाजता येईल?" सगळा वर्ग तन्वीकडे वळला. उद्धटपणा नाही, टोमणा नाही, परीक्षेत शंका विचारावी तसं तिने विचारलं, "सर, गाईडमधलं सांगू की खरं सांगू?"

माझं हसू तिथेच विरलं. बारा वर्षांची पोर... तिला वाटतं उत्तरं दोन असतात. कुठलं हवं ते आधी मोठ्यांना विचारून घ्यायचं! या सत्रात माझी लेक हे शिकली. आणि हे तिला एकट्या सरांनी नाही शिकवलं.

सरांनी तक्ता बंद करून मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाले, "खरं सांग."

"पावणेचार."

दुपारी सर एकटेच खाडीवर येऊन पाणी बघून गेले, सासऱ्यांशी दोन शब्द बोलले. आले त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. पण खरं बोलायला माझ्या पोरीला परवानगी मागावी लागली, त्याची माफी कोण मागणार?

माझ्यापुरती मी मागितली, तिला जेवायला वाढताना. तिने शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "आणि मार्क गेले तर गो, आये?"

"जांव देत," म्हटलं. म्हटलं खरं... पण ती झोपल्यावर प्रकल्प किती मार्कांचा आहे ते हळूच वही उघडून बघितलं.