डब्याच्या आवाजाला येणारी कबुतरं

ये सुमन, अशी जवळ सरक. चार महिन्यांनी मावशीकडं आलीस, अन् आल्या आल्या तक्रार काय, तर गॅलरीत कबुतरं घाण करतात. दाणे कोण टाकतं? तूच न्हवं? मग ऐक आता.

तामलवाडीजवळच्या एका गोदामाला जाळी लावायचं काम मी घेतलं होतं. आत तुरीची पोती, वर पत्रा, पत्र्याखाली तो पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, अन् कैच्यांवर कबुतरं. विष्ठेनं वरच्या थरातली पोती खराब झालेली. मॅनेजर म्हणाला, "अक्का, आठ दिवसांत उरका. अन् हा वॉचमनबी मी बदलणार. दार उघडं टाकतो वाटतं!"

वॉचमन म्हणजे लिंबाजीमामा. वय सत्तरीचं. गोदामामागच्या खोलीत एकटेच राहायचे. मान खाली घालून उभे होते.

आमच्यात नेटिंग म्हणतात, म्हणजे नायलॉनची जाळी ताणून पाखराची वाट बंद करायची. पण आधी आतली पाखरं बाहेर काढावी लागतात, न्हायतर कोंडून मरतात. मी काय शिकलेली न्हाय. लहानपणी ज्वारी राखायला माळ्यावर बसायची, डबा बडवला की थवा उठायचा. तेवढीच माझी विद्या. दारामागं तेलाचा एक जुना डबा होता. उचलला अन् बडवला.

एकबी उडून गेलं न्हाय. उलट सगळी खाली उतरली, पार माझ्या पायापाशी.

शिडीवरच्या, माझ्या हाताखालच्या दोघी बायका हसायला लागल्या. "अक्का, तुमचे पाहुणे आले की!"

डब्यात बघितलं. तळाला ज्वारीचे दाणे. मग मामांकडं बघितलं.

"मामा, रोज किती वाजता?"

"सकाळी सातला," मामा हळूच म्हणाले. "बायको गेली तवापासून. चहा पिताना कुणीतरी समोर लागतं की. मॅनेजरला सांगू नका, अक्का. ही खोली गेली तर जाऊ कुठं?"

मी सांगितलं न्हाय. पण काम तर करायचंच होतं. दुसऱ्या दिवशी सातला डबा दाराबाहेर वाजवला अन् दाणे तिथंच टाकले. मग बांधावर. मग ओढ्यापाशी. शेवटी ओढ्यापलीकडच्या पडीक विहिरीवर. तिच्या दगडांत कपारी होत्या, कबुतरांना तसली जागा लई आवडते. मामांना गेट सोडता येईना, म्हणून डबा मीच वाजवायची. रोज पाखरं थोडी लांब जायची, अन् मामा गेटातून बघत राहायचे.

घरट्यांत अंडी-पिल्लं न्हाईत, हे शिडी लावून बघितलं. सातव्या दिवशी सगळी विहिरीवर असताना जाळी ओढली. मॅनेजर खूश. मामांची नोकरी राहिली, खोलीबी राहिली.

निघताना मामांनी डबा माझ्या हातात दिला. "तुमीच घेऊन जा. हितं राहिला तर हात जाईल त्याच्याकडं."

तेव्हापासून मी कुठंबी जाळी लावायच्या आधी विचारते, दाणे कोण टाकतं? अन् कशापायी टाकतं, तेबी. तुझ्या गॅलरीचं औषध एवढंच, दाणे बंद कर. जाळी मी येऊन लावून देईन.

तो बघ डबा, फळीवर. आणल्यापासून वाजवला न्हाय. ह्या एकटीच्या घरात वाजवला, तर येणार कोण?

तामलवाडीकडं काम निघालं की सातला मामांकडं चहाला थांबते. त्यांच्या समोर बसून पिते.

ऊठ आता, तुझी गाडी चुकेल. पण पुन्हा चार महिने लावू नको गं. लवकर ये. तक्रार नसली तरी ये.